मामांनी मोजलेली कोवाच्की

जगात अशी एकही वस्तू नाही, जी आमच्या मामांनी मोजलेली नाही. हे मी उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही. बाकीच्या मुलींचे मामा बारशाला कुंची-टोपरं घेऊन येतात. माझे मामा सांगलीला आले ते खिशात टेप घेऊन. त्यांनी आधी पाळणा मोजला, मग मला मोजलं, आणि माझ्या आईला सांगितलं, "अक्का, पोरगी एकोणीस इंच हाय. पाळणा दोन वर्सं पुरतोय, काळजी करू नगंस." आई हे अजून सांगते आणि अजून तिला राग येतो. पण पाळणा दोन वर्षं पुरला, हेही तिला नाइलाजानं सांगावंच लागतं.

मामा होते भूकरमापक, म्हणजे शेतजमिनींच्या हद्दी मोजून देणारा सरकारी माणूस. वडूज, शिरवळ, कराड असं फिरत फिरत नोकरी संपवली आणि उंब्रजला घर बांधून राहिले. नोकरीतून मामा सुटले, टेप काही सुटली नाही. शर्टाच्या डाव्या खिशात ती कायम असते, त्यामुळे त्यांचे सगळे शर्ट डावीकडं लोंबतात. त्यांना पत्ता विचारायची सोय नाही. एकदा मी सहज विचारलं, "मामा, स्टँडपासून घर लांब आहे का हो?" म्हणाले, "तीनशे बारा पावलं. तुझी साडेतीनशे. तुझं पाऊल आखूड हाय." मी रागानं मोजत गेले. तीनशे अठ्ठेचाळीस भरली. दोन पावलांचा फरक मी त्यांना सांगितला, तर म्हणाले, "कोपऱ्यावरच्या गटारीवरनं उडी मारली असशील." मारली होती.

स्वतःच्या लग्नातसुद्धा त्यांनी हे सोडलं नाही. अंतरपाट धरलेला, भटजींनी मंगलाष्टकाला तोंड उघडलेलं, आणि नवरदेव म्हणतात, "थांबा, उजवीकडचा पाट चार बोटं म्होरं आलाय." पाट मागं सरकवला तेव्हा लग्न लागलं. मामी ही गोष्ट सांगताना पदर तोंडाला लावून हसायची. "तुझ्या मामानं आधी पाट बघितला गं, मग मला!"

आणि तरी माणूस कोरडा नव्हता हो. वडूजला दोन सख्खे भाऊ बांधावरच्या एका बाभळीपायी कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मामांनी भर उन्हात मोजणी केली, तर हद्द निघाली बरोबर बुंध्याच्या मधोमध. आता करायचं काय? मामा बाभळीखाली बसले आणि म्हणाले, "सावली सकाळी ह्येच्यात पडती, सांजच्याला त्येच्यात. ती काय कुनाचं ऐकायची न्हाई. आता च्या आणा." दोन्ही घरांतून चहा आला. मामा दोन्ही कप प्यायले, आणि भाऊ त्या निमित्तानं एकमेकांसमोर बसले. मामांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "जमीन खोटं बोलत न्हाई. मानूस बोलतो, कागद बी कवाकवा बोलतो. टेप बोलत न्हाई." मामांना खोटं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. पुढं ऐकलं ते एकदाच, आणि तेही एका कातणापायी.

मामांना हरवणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे मामी. मामीचा सगळा कारभार अंदाजपंचे. मीठ किती? अंदाजानं. पाणी किती? बसंल तेवढं. "मोजून मीठ घातलं की चव बी मोजूनच येती," असं ती मामांना ऐकवायची. एका दिवाळीत मामांनी गपचूप तिच्या पंचवीस करंज्या टेपनं मोजल्या. पंचविसाच्या पंचवीस एका मापाच्या, सुताचा फरक नाही. मामा त्या ताटापुढं किती तरी वेळ बसून होते. मला म्हणाले, "हिनं कवा टेप हातात धरली न्हाई गं." ह्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता की दुःख, ते मला आजवर कळलेलं नाही.

गेल्या वर्षी आषाढात मामी गेली. चार दिवसांचा ताप काय आणि जाणं काय. त्यानंतरच्या दिवाळीला मी फोन केला, "मामा, मी येते, आपण करंज्या करू." तर म्हणाले, "नगं. कातण सापडत न्हाई." कातण म्हणजे करंजीची कड कापायचं ते पितळेचं दातेरी चाक. म्हटलं, "मामा, बाजारात मिळतं हो, येताना घेऊन येते." "नगं म्हनलं की!" असं ते माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. त्या घरात त्या वर्षी कढई चढलीच नाही.

त्यांचा मुलगा सुहास पोलंडमध्ये नोकरीला असतो. तिथंच त्यानं तिथल्या मुलीशी लग्न केलं. तिचं नाव आन्या. आमच्याकडं आन्या म्हटलं की अनिल नावाचा एखादा उनाड पोरगा डोळ्यापुढं येतो, त्यामुळं अख्ख्या उंब्रजला हे नाव घेताना हसू फुटायचं. मामांनी तिला पहिल्या दिवसापासून 'सूनबाई' करून टाकलं आणि प्रश्न मिटवला. दोघं एक वर्षाआड दिवाळीला यायची. त्या दिवाळीला यायची पाळी होती, पण सुहास फोनवर म्हणाला, "आई नाही, तर येऊन काय करायचं बाबा?" पोरगं दुःखात बोललं असेल, पण बोललं. मामांनी त्याची शाळेतली नकाशांची वही काढली आणि उंब्रजपासून पोलंडपर्यंत टेप लावली. मला फोनवर एवढंच म्हणाले, "साडेचार इंच भरतंय गं. कागदावर."

आणि मग डिसेंबरात एके दिवशी भर शाळेत, माझा तास चालू असताना, मामांचा फोन. एरवी ते माझ्या तासाच्या वेळा बघून फोन करतात. म्हटलं, काहीतरी झालं. "पोरी, नाताळाला पोरं यायचीत. सूनबाईनंच हट्ट धरलाय." तिला लहानाचं मोठं केलेली तिची आजी दोन वर्षांपूर्वी गेली होती. दोघी मिळून दर नाताळाला एक जॅम भरलेलं बिस्किट करायच्या. कोवाच्की त्याचं नाव. आजी गेल्यापासून ती झालीच नव्हती, आणि ती ह्या वर्षी सासऱ्याच्या घरी करायची असं तिच्या मनानं घेतलं होतं. हे सगळं सांगून झाल्यावर मामा भडाभडा बोलले, "मला सैपाकघरातलं ढेकळं काय कळत न्हाई. पर ह्ये जमलं पायजे बघ. ह्या घरात आता काय बी हुत न्हाई असं पोरीला वाटलं, तर पोरं परत कशाला येतील? तू ये." मी त्याच संध्याकाळी रजेचा अर्ज टाकला.

पोचले तर मामांची तयारी आधीच झालेली. त्या बिस्किटाच्या पिठात लोण्याबरोबर एक प्रकारचं मऊ चीज लागतं. ते उंब्रजला कुठून मिळणार? सुहासनं फोनवर सांगितलं होतं की चक्का चालेल. मामांकडं मोडीत निघालेलं एक मोजणीचं सामान होतं, तीन पायांची तिवई आणि तिच्यावर बसवायचा नकाशाचा लाकडी फळा. निवृत्तीला सोबत्यांनी भेट दिलेलं. तर त्या तिवईला फडक्यात बांधलेलं दोन लिटरचं दही टांगलेलं, खाली पातेलं, आणि बाजूला मामा, तिवई सपाट बसलीय का ते बघताहेत. "वाकडी असली तर पानी एका बाजूनं गळतंय," म्हणाले. वर जॅमचा प्रश्न. आन्याची आजी गुलाबाच्या पाकळ्या साखरेत मुरवून तो जॅम भरायची. हे ऐकताच मामा उठले, "आरं, ह्यो तर गुलकंद!" आणि थेट पानाच्या टपरीवर. टपरीवाल्यानं अर्धा किलो गुलकंद बांधता बांधता काळजीनं विचारलं, "भाऊ, पोट लय दिस साफ न्हाई का?"

सुहास आणि आन्या आली. ती पाया पडली आणि तिनं बॅगेतून आजीच्या अक्षरातला एक पिवळा पडलेला कागद काढला. मामांना कोण आनंद! "बघ पोरी, तिकडची मानसं लिवून, मोजून करत्यात." सुहासनं वाचून अर्थ सांगितला. लोणी, मुठीएवढं. चीज, तेवढंच. पीठ, मावेल तेवढं. मामांनी तो कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "मंजे तितं बी तुझी मामीच हुती, म्हन की."

सासरा-सुनेची भाषा म्हणजे चार शब्दांची. स्क्वेअर, कॉर्नर, सेंटर, ओके. मोजणीतलं इंग्रजी मामांना येत होतं, आणि ह्या बिस्किटाला नेमकं तेवढंच लागत होतं. पीठ पातळ लाटायचं, त्याचे चौकोन कापायचे, मधे जॅम ठेवायचा आणि समोरासमोरचे दोन कोपरे आणून मधोमध एकमेकांवर दाबायचे. नकाशाचा फळा धुऊन पुसून मांडला. मी लाटलं. मामांनी टेप काढली, अडीच-अडीच इंचांवर खुणा केल्या आणि चिमटीत कोरडा मैदा घेऊन पांढऱ्या रेघा ओढायला सुरुवात केली. म्हटलं, "हे काय आता?" "फक्की! शेतात चुन्याची फक्की मारल्याबिगर हद्द कळती का?" मग सुरीनं त्या रेघांवरून कापलं. सहा गुणिले सहा, छत्तीस गट. मी म्हणायला गेले, "मामा, मामी करंजीला..." तर म्हणाले, "ह्ये करंजी न्हाई. ह्ये मोजून करायचं काम हाय. तू गप ऱ्हा." राहिले गप्प.

आमच्याकडं दिवाळीत नानकटाईचं पीठ घेऊन बायका बेकरीत जातात आणि तिथल्या भट्टीत भाजून आणतात. गुलकंद भरून, कोपरे दाबून झाल्यावर मामा तसेच कोवाच्कींचे पत्रे डोक्यावर घेऊन निघाले, मागं आम्ही तिघं. बेकरीवाला म्हणाला, "भाऊ, दिवाळी व्हऊन गेली की!" मामा म्हणाले, "आमची आज हाय." पत्रे आत गेले. वास तर असा सुटला की आन्यानं डोळे मिटून घेतले. आणि पत्रे बाहेर आले तेव्हा छत्तीसच्या छत्तीस कोवाच्कींचे कोपरे उलगडून आ वासून पडलेले, गुलकंद पत्र्यावर वाहून काळा झालेला. बेकरीवाल्यानं वाकून बघितलं आणि सरळपणानं विचारलं, "फुलं केलीत व्हय?"

मामा मला हळूच म्हणाले, "हद्दीचे दगड हालले गं." बेकरीपासून घरापर्यंत त्यांनी पावलंही मोजली नाहीत. आन्या "गुड, गुड" म्हणत एक खात होती, पण घरी आल्यावर ती एकटीच गच्चीवर गेली. आणि तेवढ्यात सुहास म्हणतो, "जाऊ दे ना बाबा, कराडहून केक आणू." मला असा राग आला! म्हटलं, "केक खायला साडेचार इंच आलास का रे?" त्याला काही कळलं नाही. मामांना कळलं. ते टेप हातात घेऊन नुसतीच उघडझाप करत बसले.

थोड्या वेळानं आन्या खाली आली आणि सुहासशी काही बोलली. मग फळ्यावरच्या मैद्यात तिनं बोटानं एक नागमोडी रेघ काढली आणि हवेत एक चाक फिरवून दाखवलं. सुहास म्हणाला, "आजीकडं कडा कापायचं चाक होतं म्हणे. आजी गेल्यावर घर आवरताना कुठं गेलं, कळलंच नाही. सरळ कापलेल्या कोवाच्की बघून तिला त्या आपल्या वाटेनात." मामा उठले. आतून ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आले ते हातरुमालाची घडी घेऊन. घडीत मामीचं कातण.

आन्या ते बघून तिच्या भाषेत जे काही ओरडली, ते कळायला भाषा यायची गरज नव्हती. मी मात्र मामांकडं बघत होते आणि मामा पंख्याकडं. "सापडलं वाटतं?" मी विचारलं. "हरवलंच नव्हतं," मामा म्हणाले. "तिचा मैदा लागल्याला हाय त्येला अजून, दात्यांत. दुसऱ्या कुनी वापरलं तर जाईल, म्हून..." जन्मात एकदा खोटं बोलला हा माणूस, आणि तेही चिमूटभर मैद्यासाठी! मग त्यांनीच ते कातण सुनेच्या हातात दिलं आणि म्हणाले, "घे. कर. गेला तर जाऊ दे."

मग मी कंबर कसली. म्हटलं, "मामा, आता माझं ऐका. तुमची फक्की नडली. कोपऱ्याला कोरडं पीठ लागलं, तर कोपरा चिकटणार कसा? मामी करंजीच्या कडेला दुधाचं बोट लावायची."

"मग आधी का बोलली न्हाईस?"

"बोलू दिलंत का?"

"बरं, बरं. दाव कसं लावायची ती."

दाखवलं. पुन्हा पीठ मळलं, ह्या वेळी मावेल तेवढं. आन्यानं कातण फिरवलं, फक्की नाही, टेप नाही, नुसत्या अंदाजानं. मी गुलकंद ठेवला आणि मामांनी छत्तीस वेळा दुधात बोट बुडवून छत्तीस वेळा कोपरे जुळवले. इतक्या हळूवार हातानं की मला बघवेना. पत्रे भट्टीतून निघाले तेव्हा बेकरीवाल्याच्या आधी मामा वाकले. पस्तीस घट्ट, एक उघडी. "एवडी चूक सरकार बी धरत न्हाई," म्हणाले आणि बेकरीवाल्याला उघडलेली ती एक खायला देऊन टाकली. पिठीसाखर भुरभुरायचं काम आन्याचं, लहानपणापासूनचं. ते तिनं जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून केलं, आणि उरलेली साखर मामांच्या टेपवर भुरभुरली.

पोलंडमध्ये नाताळाच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसल्यावर जेवायला बसतात. चांदणी अर्थात मामांनीच आधी बघितली. गच्चीवरून खाली आलो तर आन्यानं पानं मांडलेली. मामांची नजर फिरली. "मोजणीत चूक हाय. मानसं चार, ताटं पाच." सुहास म्हणाला, "चूक नाही बाबा. त्यांच्यात एक ताट जास्त मांडतात. जो आलेला नाही, त्याच्यासाठी." मला वाटलं, मामा आता काहीतरी हिशोबी बोलणार. ते उठले, ते पाचवं ताट उचललं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी मांडलं. मामी तिथं बसायची, उठबस करायला सोपं म्हणून. मग त्यांनी डब्यातल्या कोवाच्की वरखाली करून त्यातली सगळ्यांत करपलेली निवडली आणि त्या ताटात ठेवली. "तिला कडक लागायचं," म्हणाले. आन्यानं विचारलं नाही आणि सुहासनं सांगितलं नाही. तिनं आणखी एक उचलली, कमी साखरेची, आणि तिच्या शेजारी ठेवली. तिच्या आजीला गोड कमी लागत असणार.

निघायच्या दिवशी मामांनी कातण त्याच रुमालात बांधून सुनेपुढं धरलं. तिनं ते कपाळाला लावलं, स्वयंपाकघरात गेली आणि पोळपाट-लाटण्याच्या कप्प्यात ठेवून आली. आठवडाभर सुहासकडून घोकून घेतलेलं वाक्य तिनं म्हटलं, "बाबा, ते इथंच. मी येणार, मग करणार." मामा म्हणाले, "ओके." गाडी वळेपर्यंत ते फाटकाशी उभे होते, आणि नंतरही बराच वेळ.

आता मी कधीमधी न सांगता उंब्रजला जाते. परवा ऐन जेवणाच्या वेळी गेले, तर दोन ताटं वाढलेली. एक मामांपुढं, एक दाराशी. म्हटलं, "मामा, मी येणार हे तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं न्हाई."

"मग हे ताट?"

मामांनी भाकरी मोडली. जन्मभर ज्यांनी कुणाला बोटभर जमीन जास्त जाऊ दिली नाही, ते मामा म्हणाले, "एक ज्यादा धरावं मोजताना. बस, जेव."

मी दाराशी बसले आणि जेवले.